मन हलकं करायची खोली

३ मार्च
पोचलो एकदाचा. केस उतरले, वर्दी मिळाली, पलंग खिडकीजवळचा. बूट एक नंबर मोठे आहेत म्हणालो, तर हवालदार म्हणाले, बूट बरोबर आहेत, पाय लहान आहेत. सगळे हसले, मीही हसलो. शेजारच्या पलंगावरचा भरतीआधी शाळेत शिकवायचा, म्हणून तो मास्तर. त्याला दोन वर्षांची मुलगी आहे. धाकट्या बहिणीला पत्र टाकलं: तुझा दादा आता सरकारी जेवण जेवतो, तेही वेळेवर.

९ मार्च
टाचा सोलून निघाल्यात. धावताना घर आठवतं आणि पाय अडखळतो. त्यावर इथे उपाय आहे म्हणे. परेडनंतर एकेकाला डॉक्टरांकडे पाठवतात. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या. ज्याची आठवण छळते त्याच्याबद्दल बोलायचं, मन हलकं होतं. आज आमच्यातला लंबू गेला. रोज आईसाठी मुसमुसायचा. परत आला तो शीळ घालत.

१० मार्च
लंबूला पत्र आलं. वाचून मलाच विचारतो, ही बाई कोण, मला बाळ का म्हणते? थट्टा वाटली. मग त्याने त्या पत्राने बूट पुसले.

१४ मार्च
आणखी सहाजण जाऊन आले. सगळे मजेत, सगळ्यांचे नेम सुधारलेले. मी आणि मास्तर पोटदुखीचं निमित्त सांगून टाळतोय. आज कपडे धुताना ठरवलं, आठवणी एकमेकांनाच सांगायच्या. त्याने मुलीचं सांगितलं. मी धाकटीचं: पडका दात, माझ्या पाठीवर बसून शाळेत जाणं, तापात माझं बोट धरून झोपणं. मग सगळं घरच सांगून झालं. बरं वाटलं.

१७ मार्च
मास्तरला हवालदार घेऊन गेले. तासाभराने आला. मी मुलीचं नाव विचारलं, त्याने लगेच सांगितलं. हायसं वाटलं. पण माझ्याकडे बघत नाही.

१८ मार्च
पत्र आलंय. गोल गोल अक्षर, खाली ‘तुझी धाकटी’. मला बहीण नाही.
मागची पानं वाचली. अक्षर माझंच आहे.

१९ मार्च
मास्तरची कॉलर धरली. म्हणाला, त्या खुर्चीत बसलं की एक माणूस द्यावंच लागतं. मुलगी देववेना, म्हणून तुझी बहीण दिली. तू भावासारखा, समजून घेशील वाटलं.
मला रडूही येत नाही. कोणासाठी रडायचं, तेच कळत नाही.

२० मार्च
मास्तरला परत बोलावलंय— आत्ताच गेला— मुलगी अजून त्याच्याजवळच आहे. म्हणजे आज पुन्हा माझंच—
आईबद्दल काय काय सांगितलं होतं मी? सगळंच. पटकन लिहून ठेवतो. आई. माझ्या खांद्याइतकी उंच. हसताना तोंडावर हात— मला हाक मारताना ती— ती—
आमच्या घरी एक बाई