मुक्ताआक्का, रविवारी येऊ नकोस

मु. पो. पाबळ
शुक्रवार, न्याहारी झाल्यावर

थोरली बहीण मुक्ताआक्का हिला धाकट्या ज्ञानूचा पाय धरून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. इकडे सगळे जिवंत आहेत, मी धरून. हे पहिल्याच ओळींत लिहितो, कारण मंगळवारी शंभूने तुला फोन करून ‘आबाचं काही खरं नाही, रविवारी येऊन तोंड बघून जा’ असं सांगितलं, ते मीच पोराला सांगायला लावलं होतं. ते आता रद्द समज. तू दौंडहून आणि केडगावची मंडळी तिकडून गाडी ठरवून निघणार असं ऐकलं. ठरवू नका. परत फोन का केला नाही म्हणशील, तर तू फोन कानाला लावतेस आणि आधी रडून घेतेस, मग समोरच्याचं ऐकतंय कोण? म्हणून हे पत्र रोहिदासच्या हाती देतो. तो उद्या रेल्वेच्या ड्युटीवर तिकडे येतोय. (सायली बाळ, आजीला वाचून दाखवणारी तूच, म्हणून सांगतो. पुढचा मजकूर दार लावून वाच. कॉलनीतल्या भिंती पातळ असतात.)

तर झालं असं. सोमवारी शेळी चुकली म्हणून मी डोंगराकडे गेलो. (शेळी गोठ्यातच होती, पण घरातून निघायला काहीतरी सांगावं लागतं.) आपली मेंढरं बसायची तो माळ तुला आठवतो का? तिथल्या बांधावर फड्या निवडुंग अजून आहे, आणि तांबडी बोंडं अशी लगडलेली की पानं दिसेनात. मला एकदम सगळं आठवलं. बापू चिमट्याने बोंडं तोडायचे, आई लिंबाच्या डहाळीने वाळूत घोळून त्यांची कुसळं काढायची आणि तू नखाने साल सोलायचीस. तरी एखादं कुसळ जिभेत रुतायचंच. मग मी बोंबलायचो आणि आई पदराच्या टोकाने जीभ पुसायची. चौघं लाल तोंडाने पालावर परत आलो की वाटायचं, कुणाशी तरी मारामारी करून आलोय. बापूंना रागवायचं असलं तरी रागवता यायचं नाही, कारण त्यांचंही तोंड तसंच. हे आठवत आठवत मी पाच बोंडं खाल्ली. मला साखर आहे, गोड बंद आहे, आणि सूनबाई मोनिका भिंतीवर कागद लावून माझ्या खाण्यावर लक्ष ठेवते. म्हणून विहिरीवर वाळूने दात घासले, चुळा भरल्या आणि शेळी सापडली असं सांगून जेवायला बसलो.

मंगळवारी सकाळी उठून संडासात गेलो. शंभूने नवा बांधलाय, भांडं दुधासारखं पांढरं. खाली बघतो तर भांड्यात तांबडं! भिंतीला धरून बाहेर आलो आणि ओट्यावर बसलो. रक्त जातंय म्हणजे आत काय झालं असणार, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मनातल्या मनात दहावा आणि तेरावासुद्धा उरकला. म्हाळसाने चहा आणला तर मी तिचा हात धरला. (पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ती कप सांडून म्हणाली, “काय झालं ओ, चक्कर आली का?”) मी म्हणालो, तुझ्या आमटीला मी जन्मभर खारट म्हणालो, ती कधीच खारट नव्हती. तेव्हा ती घाबरली आणि तिने शंभूला हाक मारली. हे बोलून मी फार मोठी चूक केली. आता रोज ताटात आमटी वाढताना ती ते वाक्य मला परत म्हणून दाखवते.

शिरूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस. त्याने विचारलं, “आबा, काल काय खाल्लं होतं?” मोनिका शेजारी उभी. मी म्हणालो, भाकरी आणि पिठलं. “आणखी काही?” मी म्हणालो, कांदा. मग त्याने पोटाची सोनोग्राफी लिहून दिली, लघवी तपासायला दिली, आणि मला चार बाटल्या पाणी पाजून दोन तास थांबवून ठेवलं. ते दोन तास कसे गेले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात लॅबमधली दीक्षा नावाची मुलगी कागद घेऊन आली. म्हणाली, रक्त अजिबात नाही. माझ्याकडे बघितलं, माझ्या बोटांकडे बघितलं. “आबा, जीभ काढा बरं.” काढली. “बोंडं खाल्लीत व्हय? आमच्याकडं लहान पोरं खात्यात. लघवी लालच हुती दोन दिवस!” डॉक्टर इतका हसला की त्याचा चष्मा टेबलावर पडला. मोनिका नाही हसली. ती म्हणाली, “आबा, शेळी कुठं सापडली म्हणालात?”

आता तू म्हणशील, लहानपणी एवढी खाल्ली तेव्हा कसं कळलं नाही? अगं, तेव्हा आपण माळावर जायचो. माती सगळं पिऊन टाकायची. हे पांढरं भांडं घरात आलं नसतं तर मला मरणाची भीती वाटलीच नसती.

येताना शंभूने वाटेत गाडी थांबवली आणि पाठ फिरवून डोळे पुसत बसला. म्हणाला, चष्म्यात कचरा गेला. त्याला चष्मा नाही. मग मीही जरा रडून घेतलं. आक्का, जिवात जीव आला. डोंगर, शेळी, म्हाळसाची शिव्यांची माळ, सगळं अगदी आहे तिथंच आहे.

तेव्हा कुणी येऊ नये. या वयात पुन्हा बोंडाला हात लावणार नाही, असं मोनिकाने माझ्याकडून वदवून घेतलं आहे. कळावे, असं लिहितात, पण तुला एवढ्यात सगळं कळलंच असेल.

तुझा धाकटा,
ज्ञानदेव

ता. क. : वरचा मजकूर मोनिकाने वाचला आहे, हा खालचा नाही. येऊ नये ते केडगावच्या मंडळींनी. तू ये.

आणखी ता. क. : पाच नाही, बावीस खाल्ली. आपली वाटणी एक तुला, एक मला, अशी असायची ना? सवयीने एक सोललं आणि हात बाजूला केला, तर घ्यायला कुणी नव्हतं. सोललेलं टाकवेना, म्हणून तुझंही मीच खाल्लं. असं अकरा वेळा झालं. खालच्या अंगाची बोंडं अजून पिकायची आहेत. तू आलीस की आक्काला माहेरचा माळ दाखवून आणतो असं सांगता येईल. शंभूची गाडी बांधापर्यंत जाते, गुडघ्यांना त्रास नाही. दौंडच्या डॉक्टरने तुला काही पथ्य दिलं असेल, तर ते तिथंच ठेवून ये.