सेठांच्या बाळाची झोप

पेमीच्या बापूंना लेहरीचा राम राम.

मी धड आहे. सेठांनी पाहुण्यांसाठी घेतलेला महाल तळ्याच्या मधोमध आणि चहूकडे पाणी, मला तर खिडकीशी उभं राहवत नाही. पण माझ्यासारख्या बाळाच्या मालिशवालीलाही इथे गादी देतात. गाय दूध देते ना?

काल दुपारी सेठांचं बाळ रडायचं थांबेना. सेठाणी म्हणाली, "लेहरीबाई, काहीतरी करा ना, पाहुणे बघतायत!" मी आपल्याकडे देतात तशी कणभर अफू दुधातून चाटवली. बाळ झोपलं ते उठेना. ओठ काळे पडले. वाऱ्यामुळे होड्याही बंद.

पाहुण्यांतला एक डॉक्टर ओरडला, "काय दिलंय याला?" मी कमरेची अफूची डबी काढून त्याच्यापुढे ठेवली.

"बाई, पोरं मरतात याने!" म्हणाला, आणि होडी सुटेपर्यंत बाळाच्या तोंडात श्वास फुंकत बसला.

आज इस्पितळातून निरोप आला, बाळ रडलं. सेठांनी मला खोलीतून हलू नको म्हणून बजावलंय. पुढे काय करतील, देव जाणे.

पेमीच्या तान्हीला अफू देऊ नका. तुमच्या आईने कितीही आकांत केला तरी नाही. फडताळातली डबी आजच्या आज चुलीत घाला.

आपले दोन्ही मुलगेही अफू चाटवल्यावर असेच झोपेत गेले. तेव्हा सगळे नजर लागली म्हणाले. नजरच होती, एवढं लिहून पाठवा.

तुमची
लेहरी