खूण काढलेली अकरा मिनिटं

रविवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इथे आम्ही सगळे बरे आहोत. भावोजींची कंबर आता कशी आहे? ऑफिसात काम तेवढंच आहे आणि साहेबही तेवढाच खवट. तुझी भाची माझ्या चपला घालून फिरते, एवढे तिचे पाय वाढलेत. फोन असताना मी पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस आणि आधीच माफ करून टाकतेस, म्हणून.

तुझ्या लग्नाच्या डीव्हीडीबद्दल लिहायचंय.

दोन वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर, तू ती माझ्याकडे पाठवलीस. "खराब व्हायच्या आत कॉपी करून ठेव. शेवटी बाबा बोललेत, तेवढं जप," म्हणालीस. तू सासरी निघाल्यावर व्हिडिओवाल्याने त्यांना बोलतं केलं होतं. तो भाग तू कधी पाहिला नव्हतास. तुझ्यावाचूनचं घर बघवत नाही, म्हणायचीस. मी कॉपी पाठवली आणि सांगितलं, की डिस्कवर ओरखडा होता, शेवटचा भाग कॉम्प्युटरने वाचलाच नाही आणि काढताना डिस्कही तडकली. "जाऊ दे रे, तू काय मुद्दाम केलंस?" अशी वर तूच माझी समजूत घातलीस.

मुद्दामच केलं, ताई. मी कॉम्प्युटरवर खापर फोडलं.

मूळ डिस्क जास्त मावणारी होती, सगळं एका साध्या कोऱ्या डिस्कमध्ये मावत नव्हतं. अशा वेळी पडद्यावर यादी येते, नको त्या भागापुढची खूण काढायची. म्हणून एकेक भाग बघत गेलो. बाबांची अकरा मिनिटं बघितली आणि त्यांचीच खूण काढली. पाहुण्यांच्या जेवणाची चाळीस मिनिटं ठेवली.

त्यात बाबा शिलाई मशीनपाशी बसलेत. "थोरलीनं शाळेतून येऊन काजं केली, बटणं लावली, म्हणून माझी गिऱ्हाइकं टिकली," म्हणतात. व्हिडिओवाला विचारतो, "आणि मुलगा?" बाबा हसतात. "त्याचे मित्र आले की मी आत जाऊन बसतो. त्यानं त्यांना सांगितलंय, आमच्याकडे शिंपी येतो म्हणून. आता खोटं कुठंय त्यात, शिंपी तर आहेच मी."

मी खरंच तसं सांगितलं होतं. मित्र आले की बाबा आत जायचे, मला वाटायचं त्यांना गडबड आवडत नाही. त्यांनी ऐकलं असेल, असं मनातही आलं नाही. एका शब्दाने कधी बोलले नाहीत. एकदा तरी कानाखाली वाजवायला हवी होती.

भावोजी आणि मुलं शेजारी बसलेली असताना तू हे ऐकणार, मग मी कुठल्या तोंडाने तुझ्या दारात येणार? म्हणून डिस्क तडकली, तीही फक्त फोनवर. खरी डिस्क माझ्या कपाटात होती, फ्रिजच्या वॉरंटीच्या कागदांखाली.

गेल्या आठवड्यात तू म्हणालीस, "बाबा मला हाक कशी मारायचे ते आठवायला बसते आणि माझाच आवाज ऐकू येतो." मी भावोजींच्या कंबरेवर विषय नेला. ताई, ती हाक त्यात आहे. बोलता बोलता ते चष्मा वर करतात, सवयीने आतल्या खोलीकडे बघतात आणि म्हणतात, "ठमे, सुई ओवून दे गं." मग त्यांना आठवतं. सुई ते स्वतःच ओवायला घेतात.

माझी लाज झाकायला मी तुझ्यापासून हे दोन वर्षं लपवून ठेवलं.

सोबत मूळ डिस्क पाठवतोय, शिवाय दोन डिस्कवर मिळून पुरी कॉपी. आज सकाळी घरात सगळ्यांसमोर लावली. संपल्यावर लेकीने विचारलं, "आजोबा कोणामुळे आत जाऊन बसायचे?" "माझ्यामुळे," म्हणालो. ती माझ्याजवळून उठली आणि आईशेजारी जाऊन बसली.

तू सगळं बघ. मगच ठरव, मला फोन करायचा का.

'तुझा' असं लिहायला हात धजत नाही,
धाकटा