तारखेखालच्या दोन रेघा

ऊर्जानगर, २ मार्च २०२५

प्रिय साक्षी बेटा,

जय भीम. वरची तारीख अन् तिच्याखाली मारलेल्या दोन लाल रेघा पाहून तू हसशील. बत्तीस वर्षं पावर हाऊसमध्ये फिटर म्हणून लॉगबुक लिहिलं, रिटायर झालो तरी हाताची खोड जात नाई. तुले फोनच केला असता, पण जे सांगायचं आहे ते तोंडानं सांगायची माझी हिंमत नाई. म्हणून कागद घेऊन बसलो.

मागच्या आठवड्यात तुझ्या बदलीचं सामान बांधायले कोसमटोल्याले आलो, अन् तू नेमकी गडचिरोलीच्या मीटिंगले. मले वाटलं, आता दोन दिवस एकटाच माश्या मारत बसतो. कायचं काय! नर्स सिस्टरचा बाप आला म्हणल्यावर तुझ्या उपकेंद्राच्या आशा वर्कर मंगलीनं मले चूल पेटवू दिली नाई. गावसभेचा चैतूभाऊ तर उपकेंद्राच्या ओट्यावर ठाणच मांडून बसला. गावसभेत तुले निरोप द्यायचा ठराव झाला म्हणे, अन् तिथी एक म्हातारा नुसता रडत बसला. मी मान खाली घालून ऐकत होतो, पण शर्टाची बटणं तुटायची तेवढी राह्यली होती.

एकवीस साल तू विसरली नसशीलच. एप्रिलमध्ये तुझी आई कोरोनात गेली. तीनदा लसीच्या रांगेत उभी राह्यली, तीनदा लस संपली म्हणून घरी परत आली. चौथ्यांदा निघाली तवा अंगात ताप होता. अन् दोन महिन्यांनी तू फोनवर सांगते का तुझ्या गावात दर सोमवारी लसीचा डब्बा येते अन् न उघडता परत जाते, काऊन तर पोचू नावाचा एक म्हातारा नाई म्हणते! तिथी सगळे हो म्हणत नाईत तोवर गावसभेचा ठराव होत नाई, एकासाठी अख्खं गाव थांबते, असं तू मले समजावत होती. माझं डोस्कंच फिरलं. जिच्यासाठी लस नव्हती तिचा फोटो समोर भिंतीवर, अन् तिथी लोकांच्या दारातून लस परत चालली!

मी तुले काय नाई बोललो! म्हणलो, प्लांटमध्ये हेल्मेट घालायले कोणाची मर्जी विचारते का? आमच्या गेटवर सर्टिफिकेटबिगर आत घेत नव्हते, आठ दिवसांत सगळ्यांच्या दंडाले सुई लागली. तुझ्या आज्याले गावच्या विहिरीवर कोणी मायेनं चढू दिलं नाई, कायदा आला तवा पाणी भेटलं, हेही सुनावलं. तू एवढंच म्हणाली का बाबा, तो कायदा आपल्यावरच्या जबरदस्तीविरुद्ध होता, अन् या गावसभेलेही कायद्यानंच मान दिला आहे. मी फोन आपटला.

त्याच सुमाराले वरून कोण्या साहेबाचा तोंडी हुकूम निघाला, लस नाई त्याले राशन नाई. शेजारच्या गावात तसंच झालं. तू मात्र कोसमटोल्यात एकाचंही राशन अडवू दिलं नाई. मंग कोणीतरी तुझ्यावर निनावी अर्ज टाकला, का ही सिस्टर कामचुकार आहे, सरकारी लस फिरवून परत पाठवते. तुले नोटीस आली. तवा तुझी कंत्राटी नोकरी, जाता जाता राह्यली.

पोचूचं खरं कारण मले चैतूभाऊनं आता सांगितलं. आणीबाणीत तो जवान होता, लग्नाले सहा महिने झालेले. बाजारातून जीपमध्ये कोंबून नेलं, नसबंदी केली अन् संध्याकाळी रस्त्यावर सोडून दिलं. त्याले लेकरू झालंच नाई. त्यानंतर सरकारी सुईले त्यानं अंग लावू दिलं नाई. अन् तू आठ सोमवार त्याच्या अंगणात जाऊन बसली. पहिले चार सोमवार लसीचं नावही काढलं नाई म्हणे. त्याच्या म्हातारीच्या पायाची जखम धुतली, मोहाच्या टोरी, म्हणजे बिया, फोडायले हात लावला, त्यानं जे सांगितलं ते ऐकलं. नवव्या सोमवारी पोचू आपल्या पायानं उपकेंद्रात आला, बाही वर करून बाकावर बसला, अन् म्हणाला का पहिली सुई मले. त्या महिन्यात गावात एक माणूस सुटला नाई.

ते थांबले त्या दोन महिन्यांत कोणी दगावलं असतं तर? हा प्रश्न मी अजूनही सोडला नाई, अन् हेल्मेट सक्तीचंच पाहिजे, हेही म्हणतो. तुझा बाप आहो, सहजासहजी हरणार नाई. पण शेजारच्या गावात आजही नर्स आली का लोक दारं लावून जंगलात जातात. कोसमटोल्यात लेकरांच्या लसीच्या दिवसाची आठवण त्यांच्या मायाच तुले करून देतात. हे मी डोळ्यानं पाह्यलं. तुझी आई असती तर साऱ्या क्वार्टरमध्ये सांगत फिरली असती.

आता ज्यासाठी लिहायले बसलो ते. तुझ्या ट्रंकेच्या तळाले नोटिशीची फाईल भेटली. त्यात त्या निनावी अर्जाची झेरॉक्स होती. झेरॉक्समध्ये लाल शाई काळी होते, पण तारखेखालच्या दोन रेघा दिसतातच. तो अर्ज मी केला होता, साक्षी. तुझ्या बापानं. अन् त्याच्या मागे तुझं उत्तर लावलेलं होतं: ‘तक्रारदाराच्या घरचे माणूस लसीवाचून गेले आहे. त्यांचा राग मला समजतो. कृपया त्यांचा शोध घेऊ नये.’ बेटा, अर्जात मी तुझ्या आईबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. म्हणजे तुले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अन् त्या दिवाळीत तूच सुट्टी काढून आली, माझ्यासाठी वास्ते, बांबूचे सुकवलेले कोंब, रांधले, समोर बसून जेवू घातलं. चार वर्षं मले एकदाही विचारलं नाई. पोचूच्या अंगणात बसली तशीच माझ्याही अंगणात बसून राह्यली. त्याले आठ सोमवार लागले, मले चार वर्षं. आज आपल्या पायानं आलो, बेटा. मले माफ कर. त्या अर्जाखाली मी नाव टाकलं नव्हतं, इथी टाकून राह्यलो.

तुझाच बाप,
देवराव रामटेके
सेवानिवृत्त फिटर, ऊर्जानगर