चौरागडच्या पायथ्याशी फ्रीज

नंदनवन, नागपूर
एप्रिल १९८६

प्रिय मुकुंदा,

तुझं पत्र पोचलं. कुवेतचा उकाडा, मेसमधला बिनमिठाचा भात आणि वर्कशॉपमधला तो भांडकुदळ फोरमन, सगळं दोनदा वाचलं. आता माझी पाळी. तू पाठवलेल्या फ्रीजचं काय झालं ते तुझे भाऊजी तुला कळवणारच आहेत, पण त्यांच्या हकीकतीत त्यांची स्वतःची चूक औषधालाही सापडणार नाही, म्हणून मीच आधी लिहायला बसले. पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

तुझ्या खोलीतल्या शालिकरामने संक्रांतीनंतर सुट्टीवर येताना तो खोका आणून दिला. उघडला तेव्हा सासूबाईंना वाटलं, मामाने भाचीसाठी दागिन्यांची पेटी धाडली. एवढासा फ्रीज असतो आणि तो मोटारीच्या बॅटरीवर चालतो हे त्यांना काही केल्या पटेना. निमूला मात्र लगेच कळलं. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि झाकण उघडून हात आत घालून पाहत राहिली. तुला ठाऊकच आहे, नवव्या वर्षी तिला साखरेचं दुखणं निघालं तेव्हापासून या पाच वर्षांत पोर एक रात्र गावाबाहेर राहिली नाही. इन्सुलिन फ्रीजमध्ये आणि फ्रीज घरात, म्हणून निमू घरात. सुरुवातीला तर तोही नव्हता, शेजारच्या यमुताईंच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे आमची बाटली असायची. भिवापूरला निमूच्या सख्ख्या चुलत बहिणीचं लग्न झालं, अक्षता टाकून संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत. कायदा माझाच होता, दुसऱ्या कुणाचा नव्हे.

इकडे सासूबाईंचा नवस फेडायचा राहिला होता. निमू दवाखान्यात बेशुद्ध पडली होती तेव्हा त्या महादेवाला बोलून बसल्या होत्या की पोर उठली तर ती स्वतः खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढेल. त्रिशूळ करवूनही आणला होता. दर शिवरात्रीला गल्लीतले लोक ट्रक भरून पचमढीच्या डोंगराकडे निघायचे आणि सासूबाई एकदा दारामागच्या त्रिशुळाकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. आता तुझा फ्रीज आला आणि माझ्याकडे सांगायला सबबच उरली नाही. उपासाचं काय, असं मी विचारून पाहिलं, कारण निमूला उपाशी ठेवणं म्हणजे खेळ नव्हे. सासूबाई म्हणाल्या, "तिच्या वाटचा उपास मी करतो. तू पोरगी ने वं फकत."

मग भाऊजींचा कारभार सुरू झाला. तू चिठ्ठीत बजावलं होतंस, बारा व्होल्ट म्हणजे बाराच. त्यांच्या ट्रकला बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या, दोन्ही जोडून चोवीस. त्यांनी डोकं चालवलं आणि दोनपैकी एकाच बॅटरीला फ्रीजचे चिमटे लावले. बारा झाले, फ्रीज घुमायला लागला, आणि हे मिशीवर हात फिरवत गल्लीभर हिंडले. मी विचारलं, एकट्या बॅटरीवर भार पडेल ना? तर म्हणाले, "मले नको शिकवू वं. इतके वर्सं ट्रक चालवून राहिलो मी." तू इलेक्ट्रिशियन माणूस, तुला इथेच हसू फुटलं असेल. आम्हाला फुटायला दोन दिवस लागले.

सावनेर, सौंसर, छिंदवाडा करत आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. ट्रकच ट्रक, ताडपत्र्या, गोवऱ्यांचा धूर, आणि ज्याच्या त्याच्या खांद्यावर त्रिशूळ. उपास नसलेल्यांसाठी रोडगे भाजायला टाकलेले. आमचा मुक्काम एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली पडला. ट्रकच्या हौद्यात पुढच्या कोपऱ्यात फ्रीज, त्यात निमूच्या बाटल्या, आणि त्याचा तो घूं-घूं आवाज. खरं सांगते, तो आवाज ऐकत मी पहिल्यांदा पाय पसरून निवांत बसले. घराबाहेर, झाडाखाली, पोरगी शेजारी, आणि छातीत धडधड नाही! निमू दगडांच्या चुलीवर आपली सुई स्वतः उकळत होती. शेजारच्या ट्रकमधल्या बाया टकमक बघत होत्या, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

घोटाळा केला तो सासूबाईंनी. दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. डोंगर उतरून येणारे लोक घामाघूम, आणि आपल्या ट्रकमध्ये पाणी थंडगार करता येतं हे सासूबाईंच्या ध्यानात आलं. वाटसरूला पाणी पाजण्याइतकं पुण्य दुसरं नाही, आणि ते शिवरात्रीला, महादेवाच्या दारात! त्यांनी फ्रीजच्या झाकणाला हळदकुंकू लावलं, बाटल्या एका बाजूला सारल्या आणि निमूच्या इन्सुलिनच्या फ्रीजची चक्क पाणपोई करून टाकली. तांब्या भरून गरम पाणी आत, गार पाणी बाहेर, झाकण उघड, झाकण लाव. नरखेडकडचे एक म्हातारबुवा तर पाणी पिऊन फ्रीजच्याच पाया पडले. भाऊजींनी आईला थोडं थांबवायला पाहिलं, तर त्यांनी सगळ्यांदेखत ऐकवलं, "दारात आलेल्या मानसाले पानी नाई म्हनू का गा मारोता?" मग काय, तेही तांब्या घेऊन उभे राहिले. मीसुद्धा. खोटं कशाला सांगू, मलाही मिरवायला आवडलं.

तिसऱ्या प्रहरी निमू त्रिशूळ घेऊन चढायला निघायची होती, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की घूं-घूं बंद आहे. झाकण उघडलं तर आत कोमट हवा. भाऊजींनी केबिनमध्ये जाऊन इंजिन सुरू करायला सेल्फ मारला. नुसतं 'कट्' झालं. परत मारला, परत कट्. एक बॅटरी भरलेली आणि एक पार निचरलेली. जोडीतला एक बैल बसला की गाडी जागची हलत नाही, तसं झालं. मुकुंदा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. ट्रक बंद, फ्रीज बंद, डोक्यावर ऊन आणि घर कुठल्या कुठे. मी भाऊजींना बोलले, सासूबाईंना बोलले, तुलाही बोलले, तो खोका धाडलास म्हणून. मिळेल त्या गाडीने आत्ताच्या आत्ता छिंदवाड्याला चला म्हणून मी निमूचा दंड धरून ओढायला लागले. सासूबाई फ्रीजजवळ खाली बसल्या आणि तोंडावर पदर घेतला. त्यांना तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

निमूने माझा हात सोडवला. जोरात नाही, हळूच. म्हणाली, "आई, तू काहून रडून राहिली? खराब नाई झालं काही." तिने एक लहान मडकं मागून आणलं, बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात ठेवल्या, मडक्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि ते ट्रकखाली सावलीत सरकवलं. मग मला खाली बसवून सांगितलं की निघायच्या आधी ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन विचारून आली होती, फ्रीज बिघडला तर काय करायचं म्हणून. डॉक्टर म्हणाले, सावलीत, गार जागी ठेवलं तर बाटली काही आठवडे काढते. ऊन लागू द्यायचं नाही आणि बर्फात गोठवायचं नाही, बस. मी विचारलं, मग हे मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुनं ऐकलं असतं का?"

ती चढली. एक बाटली ओल्या रुमालात, सुईची डबी पिशवीत, खिशात गुळाचे खडे आणि खांद्यावर त्रिशूळ. भाऊजी तिच्या मागे. माझे गुडघे अर्ध्या वाटेतच बोलायला लागले, म्हणून मी एका कट्ट्यावर बसून राहिले आणि उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड पाहत होते. 'एक्क नमन गवरा, पारबती हर बोला' म्हणत लोंढे जात होते. किती वेळ गेला ते मला विचारू नकोस. शेवटी ती दिसली, कपाळभर भस्म, हात मोकळे. वरती देवळामागे बसून तिने वेळेवर इन्सुलिन घेतलं होतं, प्रसाद मोजून खाल्ला होता, आणि बापाला चक्कर आली तर त्यालाच गूळ चारला होता. मी तिला पोटाशी धरलं आणि भर वाटेत रडले. भीतीने नाही रे. किती वर्षांनी सुटका झाल्यासारखं वाटलं, तिची की माझी ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही.

ट्रक कसा निघाला विचारशील. ज्यांनी ज्यांनी आपलं पाणी प्यायलं होतं ते सगळे गोळा झाले. सासूबाईंनी एक आरोळी दिली आणि 'हर हर महादेव' म्हणत पन्नासेक माणसांनी ट्रक उतारावर ढकलला. धूर सोडत इंजिन लागलं. नागपूरला आल्याबरोबर मी निमूला डॉक्टरांकडे नेलं. रक्तातली साखर घरच्यापेक्षा चांगली निघाली, कारण तिथे ती दिवसभर चालली होती. डॉक्टर हसून म्हणाले, आता आईलाच औषध द्यायला हवं. भाऊजींनी फ्रीजसाठी वेगळी तिसरी बॅटरी बसवली आहे, ट्रकच्या जोडीशी तिचा काही संबंध नाही. ही कल्पना आपलीच असं ते सगळ्यांना सांगतात. सांगू देत. निमू मे महिन्यात शाळेच्या मुलींबरोबर आठ दिवस शिबिराला जाणार आहे, आणि मी हो म्हटलं आहे.

आता हे सगळं एवढं रंगवून तुला का लिहिलं ते ऐक. गेल्या रविवारी शालिकराम परत जायच्या आधी निरोप घ्यायला आला होता. निमू त्याच्यासमोरच सुई घ्यायला बसली. तो बघता बघता बोलून गेला, "मुकुंदा बी अशीच घेते, पोटात," आणि लगेच जीभ चावली. मग मी त्याला सोडलं नाही. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला निमूची शपथ घातली होती. दोन वर्षं झाली म्हणे तुला सुई लागून. दोन वर्षं तू रजा मिळत नाही म्हणून लिहितो आहेस, आणि शालिकराम सांगतो की रजा कधीच मंजूर आहे, प्रवासात इन्सुलिनचं काय होईल या धास्तीने तूच तिकीट काढत नाहीस. ताईला आणखी एक घोर नको, असंही त्याला म्हणालास. अरे वेड्या, तो फ्रीज तू कुणाची भीती ओळखून घेतलास, हे आता मला कळतं. ते ऐकून मी चुलीपाशी जाऊन रडले, पण घाबरले नाही, हे तुला कळावं म्हणून हे पत्र. पोळ्याला ये, मारबतीची मिरवणूक बघायला. बाटली ओल्या रुमालात गुंडाळ, हातातल्या पिशवीत ठेव आणि विमानात बस, काही होत नाही, आम्ही डोंगर चढून पाहिलं आहे. निमूला सांगितलं तेव्हा ती जे म्हणाली ते तुला वाचायला बरं वाटेल की वाईट हे न बघता लिहिते. म्हणाली, "मामाले लवकर बोलाव ना आई. घरात एकटीच सुई घेऊन घेऊन मले कंटाळा आला."

तुझीच,
अनुताई