जावयाचा राग इंजिनावर

मामाजी, तुमचा छोटा ट्रॅक्टर काल पुन्हा चालला. हे आधीच सांगून टाकतो, कारण लिहायला बसलो की मी भलतीकडे जातो आणि मुख्य गोष्ट राहून जाते. चालला म्हणजे नुसता धुगधुगला नाही. फवारणीचा पंप ओढत, संत्र्याच्या ओळींमधून, दुरुस्त झाला तेव्हापासून जेवणाच्या वेळेपर्यंत एका सुरात चालला. तुम्ही गेल्याला तीस वर्षं उलटून गेली. सासऱ्याला पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही, आणि माझी शाळा सातवीतच सुटलेली. पण काल दुपारपासून मी इतका खूश आहे की घरात कोणाला सांगावं ते कळत नाही. ज्यांना सांगायचं त्या सगळ्यांनी स्वतःच पाहिलं आहे. राहिलात तुम्ही.

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. रॉकेलची तोटी बंद केली की नाही हे मी अजून तीनदा जाऊन पाहतो. तिसऱ्यांदा पाहून आलो की तुमची लेक म्हणते, "आता तोटीलेच इच्यारून या, बंद हाये काय म्हून." वय वाढलं तशी काळजी कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. या पावसाळ्यात तर काळजीला खाद्यच मिळालं. आठ दिवस झड लागली, आंबिया बहाराची हिरवी फळं झाडाखाली पडायला लागली. फवारणी हवी आणि फवारणीला उघाड हवी. त्यात ट्रॅक्टरचं इंजिन झोके घ्यायला लागलं होतं. घुर्र करून चढायचं, मग दम टाकून खाली यायचं, पुन्हा चढायचं. आणि हे सगळं धोंड्याच्या महिन्यात, जावई घरी येणार त्याच आठवड्यात.

आमचे जावई अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवतात. माणूस चांगला, पण मनाला लावून घेणारा. मागच्या धोंड्याला ते आले तेव्हा त्यांची गाडी बागेच्या वाटेवर चिखलात रुतली. दहा पाहुणे उभे होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, गाडी काय फळ्यावर चालवाले शिकले?" सगळे हसले. तेही हसले. पण धोंडे अर्धे ताटात टाकून उठले, आणि संध्याकाळच्या आत परत गेले. त्यानंतर तीन वर्षं पोरगी एकटीच येत राहिली. दर वेळी म्हणायची, "बाबा, त्यांले कामं असतात." ती खोटं बोलते आहे हे मला कळायचं, आणि मला कळलं आहे हे तिला कळायचं. या वेळी ते यायला तयार झाले तेव्हा तुमच्या लेकीनं मला मोरीजवळ गाठून सांगितलं, "यंदा तोंडाले कुलूप लावा. पोरीचं माहेर हाये हे, इंजनाचं दुकान नाही."

दुकान म्हटलं की मला वरूडचं तुमचं दुकान दिसतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी इंजिनाचं काम शिकायला म्हणून मोर्शीहून आलो, आणि तुमच्यापुढे पेच पडला. जावयाला काळ्या तेलात हात कसा घालू द्यायचा? तुम्ही लोखंडी खुर्ची पुसून मला बसवलंत, चहा मागवलात. मी आठ दिवस चहाच पीत होतो. नवव्या दिवशी मी हातात पाना घेतला, तर तुम्ही तोंड फिरवून दुसऱ्या इंजिनाकडे बघत राहिलात, म्हणजे जावई काम करतो आहे हे तुम्हाला दिसलंच नाही. पुढे मी चुका करायला लागलो तेव्हा दुसरा पेच. जावयाला रागावता येत नाही. मग तुम्ही यंत्रांना रागवायला लागलात. मी नट जास्त आवळला की तुम्ही वाकून त्या नटाला म्हणायचात, "काहून रे, एवढा गच्च बसून राह्यला? उद्या तुले कोणाले खोलाचं नाही काय?" मी कार्बोरेटरची जाळी न धुता बसवली तर, "कार्बोरेटरभाऊ, आंघोळ न करताच निंघाले काय? घरी कोणी सांगतलं नाही?" गिऱ्हाइकं पोट धरून हसायची. मी मान खाली घालून जाळी धुवायचो. तुम्ही मला कधी एक वाकडा शब्द बोलला नाहीत. वरूडमधल्या सगळ्या इंजिनांना मात्र बोललात.

त्याच वर्षी अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचं ते जाळीदार वस्तूंचं, तेहतीस नग. सासूबाईंनी अनारसे केले होते. तुम्ही चांदीच्या ताटात अनारशांच्या शेजारी एक पुडी ठेवलीत. उघडली तर तेहतीस वायसर, नटाखालच्या लोखंडी चकत्या, घासून पुसून लख्ख केलेल्या. "भोक पायजे ना वस्तूले? घ्या. हे कुरतडाले उंदीर येत नाही." सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की या घरात मला भ्यायचं कारण नाही. तसं वाटणं माझ्या बाबतीत फार टिकत नाही, पण त्या वेळी दोन दिवस टिकलं.

तर परवाची गोष्ट. मी दुपारी आडवा झालो होतो. जावई गोठ्यात गेले, ट्रॅक्टरचं इंजिन चालू करून झोके पाहिले, बंद केलं, आणि मोबाइलवर काहीतरी पाहून दुरुस्तीला बसले. मनात चांगलंच होतं. सासऱ्याची अडचण दूर करावी, एवढंच. कार्बोरेटरमध्ये हवेच्या वाटेवर जो लहान पडदा असतो, तो बंद इंजिनात सताड उघडा दिसला, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की आजार इथेच आहे. म्हणून इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरच्या हाताचा नट ढिला करून, दांडा उलट्या बाजूला फिरवून, त्यांनी नट पक्का आवळला. शिकलेल्या माणसाचीच चूक ही. तुमचं वाक्य त्यांनी ऐकलेलं नव्हतं: "बंद इंजनाचा पडदा उघडाच पायजे. इंजन चालू झालं का गव्हर्नर त्याले आपल्या हातानं लोटते. काम पडलं का सोडते, काम सुटलं का लोटते. तेवढंच त्याचं काम." उलटा बसवला की गव्हर्नर लोटायचं विसरतो, आणि इंजिनाला थांबवणारं कोणी उरत नाही.

काल सकाळी उघाड पडली. टाकी भरली, औषध कालवलं, मी दोरी ओढली. इंजिन चालू झालं आणि चढायला लागलं. चढलं, चढलं, थांबेचना. असा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. पत्रा थरथरायला लागला, फवारणीच्या नळ्या नाचायला लागल्या. हे आता फुटणार, मामाजींची वस्तू फुटणार, आणि जावई शेजारीच उभे आहेत, तुकडा उडाला तर पोरीला काय सांगू, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. तुमची लेक ओरडली, "पत्ती! पत्ती दाबा!" मी फवाऱ्याची लाकडी दांडी घेतली आणि प्लगवरची, ठिणगी तोडणारी पत्ती दाबून धरली. इंजिन विझलं. बागेत इतकं शांत झालं की पानांवरून गळणारं पाणी ऐकू येत होतं.

मी वाकून पाहिलं. गव्हर्नरचा दांडा उलटा. नटावर नव्या पान्याचे ओरखडे. मी समजलो. माझ्या जिभेवर वाक्य तयार झालं होतं, चिखलातल्या गाडीपेक्षाही झणझणीत. पोरगी ओट्यावर उभी होती. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं आणि ती इंजिनाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत होती. ती तीन वर्षं तिच्या चेहऱ्यावर होती. आणि मामाजी, तेव्हा तुम्ही माझ्या तोंडातून बोललात. मी इंजिनाला म्हणालो, "काहून बाबू, तुले अक्कल नाही काय? चांगलं घरचं खाऊन राह्यला, न कोणीकडे तोंड करून बसला? सरळ बसाले काय लाज वाटते?"

जावयांनी वाकून दांडा पाहिला. मग मला म्हणाले, "मामाजी, त्याला कशाला बोलता? दांडा मी फिरवला, काल दुपारी. उलटा फिरवला वाटते?"

तुमची लेक टाकीमागून म्हणाली, "जावईबापू, ते तुमालेच बोलून राह्यले. आमच्या बाबांची पद्धत हाये ती. बाबा इंजनाले बोलत, न हे इकडं लाल होत."

"म्हणजे मामाजी पण चुकायचे?" जावयांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

"इच्यारूच नका. वरूडात असं इंजन नाही का ज्यानं यांच्यापाई शिव्या खाल्ल्या नाही."

जावई हसले. तीन वर्षांपूर्वी हसले होते तसे नाही. खाली बसून, गुडघ्याला हात लावून हसले. पोरीच्या मुठीतून पदर सुटला. मग ते बाह्या वर करून म्हणाले, "आता सरळ कसं बसवायचं ते दाखवा. आणि चुकलो तर मलाच बोला, इंजिनाला त्रास नको."

मग आम्ही दोघं तिथंच ओल्या मातीत बसलो. आधी झोक्यांचं कारण शोधलं. गव्हर्नरपासून पडद्यापर्यंत जाणारी जी बारीक दांडी, तिच्या वाकणात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. दांडी अडायची, मग एकदम सुटायची, अडायची, सुटायची. जावयांनी काडीनं माती टोकरून काढली, तेल सोडलं, बोटानं हलवून पाहिली. "आता लोण्यासारखी," ते म्हणाले. मग नट ढिला केला. त्यांनी पडदा पूर्ण उघडा धरून ठेवला, मी पकडीनं दांडा पडदा उघडतो त्याच बाजूला फिरवला, अडेपर्यंत, आणि त्यांनी दुसऱ्या हातानं नट आवळला. "एवढा गच्च नको," मी म्हणालो. जावयाला, इंजिनाला नाही. ते म्हणाले, "बरं." बस, एवढंच झालं. आभाळ काही कोसळलं नाही.

दोरी त्यांनी ओढली. मी तीच लाकडी दांडी घेऊन पत्तीजवळ उभा. इंजिन चढलं, आणि जिथं थांबायचं तिथं थांबलं. पंपाची कळ टाकली तसा आवाज जरा खाली गेला, मग आपलं आपण पाऊल सावरलं आणि चालायला लागलं. मामाजी, मी पाहिलं, गव्हर्नरची ती बारीक दांडी बोटभर मागं सरकली, पुन्हा पुढं आली. तुमच्या भाषेत, काम पडलं, सोडलं. जावयांनी चार ओळी स्वतः फवारल्या, औषधानं अंग भरून घेतलं, आणि जेवायला बसले तेव्हा नऊ धोंडे खाल्ले. मोजू नये म्हणतात, पण मी मोजले. पोरगी वाढताना गुणगुणत होती.

हे सगळं आनंदाचं. पण रात्रभर मला जावयांचं एक वाक्य टोचत राहिलं: दांडा मी फिरवला. किती सहज म्हणाले. मला ते जमलं नव्हतं. रिद्धपूरच्या रस्त्यावरची ती बाग तुम्हाला आठवत असेल. विहिरीवरचं इंजिन मी पहिल्यांदा एकट्यानं बसवलं होतं, आणि मालक बघायला उभा होता. तुम्ही दोरी ओढलीत आणि ते असंच चढत गेलं. आयुष्यात एकदा ऐकलेला आवाज म्हणालो, तो हाच. तुम्ही उघड्या हातानं पत्ती दाबलीत, झटका बसला, अंगठा गरम पत्र्याला चिकटून भाजला. मालक ओरडायला लागला तर तुम्ही म्हणालात, "गव्हर्नरची स्प्रिंग माह्या दुकानची. जुनी लावून देल्ली मीच. माही चूक." मी शेजारी उभा होतो. मी काहीच बोललो नाही. आठवडाभर तुम्ही अंगठ्याला हळद लावून काम केलंत, मी समोर बसून पाने पुसत होतो, आणि रोज ठरवायचो की आज सांगू. त्या दिवशी तुम्ही इंजिनाला एक शब्दही बोलला नव्हतात. म्हणूनच मला कळलं, की तुम्हाला कळलं आहे.

स्प्रिंग चांगली होती, मामाजी. दांडा मी उलटा फिरवला होता.

आत्ता तुमची लेक चहा घेऊन आली आणि तिनं काय लिहून राहिलो ते विचारलं. मी म्हणालो, तुझ्या बाबांना पत्र. ती हसली नाही. पाटावर बसली आणि म्हणाली, वाचा. मी सुरुवातीपासून वाचलं. वायसरांना ती खूप हसली, धोंड्यांपाशी डोळे पुसले. रिद्धपूरच्या रस्त्यापर्यंत आलो आणि कागदाची घडी केली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.