हिचा आवाज, हिचं कुलूप

४ मार्च
आजही दार आतून बंद! घशाच्या ऑपरेशननंतर हिचा आवाज कायमचा जाणार. म्हणून लेकीने आणून दिलेली वाक्यं ही मायक्रोफोनसमोर बसून वाचते आहे. पुढे यंत्र हिच्याच आवाजात बोलेल म्हणे. मी बाहेर. "अहो, तुमचा श्वाससुद्धा त्यात भरला जातो. जा बघू!" गेलो.

६ मार्च
वाचून संपलं. सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवायचंय. काडेपेटीएवढी डबी, वर आकड्यांची बटणं. नंबर बरोबर दाबला तरच उघडते. दहा वेळा चुकला तर आतलं सगळं आपोआप पुसलं जातं!

लेक म्हणाली, "आई, एक कॉपी कॉम्प्युटरवर राहू दे ना." ही कसली ऐकते! "मुळीच नको. हल्ली आवाज चोरून लोक नातेवाइकांना फसवतात. माझा आवाज माझ्याच कुलपात."

नंबर कसा ठेवायचा ते लेक दाखवायला लागली, तर ही म्हणाली, "मला शिकवतेस? उभा जन्म दुकानाच्या गल्ल्यावर आकडे दाबण्यात गेला." आणि गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बिल करायची ना, तशी माझ्याकडे बघत बघत फटाफट दाबला. खात्रीसाठी पुन्हा एकदा, तसाच. हिरवा दिवा! लेकीने आवाज आत भरला, कॉम्प्युटरवरचा पुसून टाकला. डबी हिच्या पर्समध्ये.

११ मार्च
ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. आत नेताना म्हणाली, "गॅस बंद केलात ना?" हेच शेवटचं.

१९ मार्च
ही घरी आली. यंत्रवाल्याला आवाज हवाय. हिने पाटीवर नंबर लिहिला — आमच्या लग्नाची तारीख. मी दाबला. लाल दिवा. लेकीने दाबला. लाल. हिने चष्मा लावून एकेक बटण शोधून दाबलं. लालच! मग आम्ही घाबरून तारीख उलटी केली, सुलटी केली, वर्ष आधी घातलं... ही माझ्याकडे अशी बघते, जणू लग्नाची तारीख मीच परस्पर बदलली!

आता दोनच वेळा उरल्या. लेकीने डबी कपाटात ठेवून दिली.

२० मार्च
ही रडली. आवाजच नाही, नुसते खांदे हलत होते. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. मला हिचं 'अहो' हवंय. बास. दुसरं काही नको.

२३ मार्च
सापडलं!! औषधाचं प्रमाण काढायला हिचा जुना कॅल्क्युलेटर घेतला. सात-आठ-नऊ वरच्या ओळीत. गल्ल्यावरही तसंच असायचं. धावत जाऊन डबी काढली. तिच्यावर एक-दोन-तीन वर! म्हणजे हिने न बघता दाबलं ते गल्ल्याच्या सवयीने. मनात लग्नाची तारीख, बोटांखाली भलतेच आकडे. दोन्ही वेळा तेच.

डबी हिच्या हातात दिली. म्हटलं, "चष्मा काढ. समोर गिऱ्हाईक उभं आहे समज. बघ माझ्याकडे." ही पुन्हा बटणांकडेच बघायला लागली. मी म्हणालो, "अहो बाई, लवकर करा, मागे रांग लागलीय!" हसली. बोटं पळाली.

हिरवा!

मी हिचा हात कितीतरी वेळ सोडलाच नाही. लेक म्हणाली, "बाबा, पुरे, मला फाइल काढू दे."

३० मार्च
यंत्र आलं. हिने टाइप केलं. घरभर हिचा आवाज: "अहो, चष्मा डोक्यावरच आहे."

२ एप्रिल
सकाळी हिने डबी माझ्यापुढे ठेवली. यंत्र बोललं, "आता तुम्ही बसा खोलीत. तुम्ही आधी गेलात तर मी काय ऐकू?"

बसलोय. दार आतून लावलंय. पहिलंच वाक्य तोंडातून फुटत नाहीये.